मावशी मला ‘तुम्ही’ म्हणाली

सारसोळ्यात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला मी एक भांडण सोडवायला जिना उतरलो. शर्टाची बटणं एक काजं चुकवून लागली होती, कारण परिस्थिती गंभीर होती. गल्लीच्या एका टोकाला दारात उभी असलेली एक बाई, दुसऱ्या टोकाला डोक्यावर पाटी घेतलेली दुसरी आणि मधोमध ओट्यावर बनियनमधले एक आजोबा. तिघंही एकाच वेळी, एकाच पट्टीत, हातवारे करून बोलत होते. गल्लीतली कुत्री मात्र निवांत झोपली होती. त्या कुत्र्यांकडून मी शहाणपण घ्यायला हवं होतं.

मी मधे जाऊन हात जोडले. म्हणालो, “हे पाहा, आपण शांतपणे बोललो तर मार्ग निघू शकतो.”

तिघंही गप्प झाली. पाटीवाल्या बाईनं मला चपलेपासून चुकलेल्या बटणापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “तुला काय झालं रं?”

चौकशीअंती कळलं ते असं, की भाचीच्या हळदीला मटण किती किलो लागेल याची चर्चा चालली होती आणि आकड्यावर तिघांचंही एकमत होतं. एकमत असताना एवढा आवाज, तर मतभेद झाल्यावर काय होत असेल, या विचारात मी वर आलो. त्याचं उत्तर मिळायला मला बारा वर्षं लागली. ते शेवटी येईलच.

मी मूळचा वाईचा. आमच्या गावात मराठी विश्वकोशाचं कार्यालय. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला तेव्हा मी शाळेत होतो. गावात दिवसभर शब्दांची वजनं-मापं चालायची, त्याचा परिणाम असेल, पण आमच्याकडे कुणी शब्द फुकट घालवत नसे. वडिलांना पाणी हवं असलं की ते नुसते तांब्याकडे बघत. राग आला की ‘असो’ म्हणत. फार राग आला की तेही म्हणत नसत. अशा घरातला माणूस बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला लागला आणि नवी मुंबईत नेरूळच्या सेक्टर सहात, सारसोळे गावठाणाला खेटून, सिडकोच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आला. मधे फक्त एक रस्ता. या बाजूला ‘कृपया घंटी वाजवा’. त्या बाजूला घंटी कुणाकडेच नाही, कारण हाक पुरते.

या आवाजाचा शोध मी पुढे लावला. गाव आगरी-कोळ्यांचं. पाम बीच रस्ता ओलांडला की खाडी, खारफुटी आणि जेट्टी. ज्यांच्या बापजाद्यांनी वाऱ्याविरुद्ध एका होडीतून दुसऱ्या होडीत निरोप दिले, ते कुजबुजायला कुठे शिकणार? खाडीवर कुजबुजलेलं वाक्य फार तर बगळ्याला ऐकू जातं. आमच्या वाड्यांमध्ये उलटी अडचण होती. भिंतीपलीकडे भाऊबंद राहायचे. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही शतकानुशतकं हळू बोललो आणि आमच्या त्या भाऊबंदकीला पुढे लोक सभ्यता म्हणू लागले.

आवाजाची सवय झाल्यावर शब्द ऐकू यायला लागले, आणि मग खरी पंचाईत झाली. या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. गाडीची गारी, घोड्याचा घोरा, कोळीवाड्याचा कोलीवारा. “पोऱ्या गारीवरून परला,” हे वाक्य मी तीन वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा सहानुभूती चुकीच्या जागी दाखवली. पाटीवाली बाई, जिला मी एव्हाना मावशी म्हणू लागलो होतो, एकदा म्हणाली, “थोरं थांब.” मला वाटलं, मला ‘थोर’ म्हणाली. मी विनयानं म्हणालो, “छे, छे, मी कसला!” आणि ती थांबायला सांगत असताना निघून आलो.

सर्वांत मोठा घोटाळा ‘भांग’ या शब्दानं केला. एके दिवशी मावशीची पाटी रिकामी होती. मी तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं, “नाखवा नाही गेले आज?” ती म्हणाली, “भांग हाय ना.” मी समजून मान हलवली. घरी येऊन बायकोला सांगितलं, की माणूस कष्टाळू आहे, पण व्यसन वाईट. आठवड्यानं नाखवा भेटले, तेव्हा मी त्यांना आडून आडून व्यसनमुक्ती केंद्राबद्दल सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी मला जेट्टीवर नेलं आणि पाण्याकडे बोट दाखवून समजावलं, की अमावस्या-पौर्णिमेला पाणी चढतं ते उधाण, आणि अष्टमीच्या सुमाराला मंदावतं तो भांग. चंद्र-सूर्य एका रेषेत आले की दोघं मिळून पाणी ओढतात. काटकोनात आले की एकमेकांचं काम अडवतात. “तुमच्या हापिसावानी,” असं नाखवा म्हणाले. भूगोलाच्या पुस्तकात हे मी ‘लघुत्तम भरती’ या नावानं पाठ केलं होतं, दोन गुणही मिळवले होते, आणि भरती उभ्या जन्मात बघितली नव्हती.

आता ‘कुठं चाल्लास?’ या प्रश्नाकडे वळू. मावशी रोज विचारायची. मी वाईच्या संस्कारांप्रमाणे खरं उत्तर द्यायचो. “वाशीला. पासपोर्टच्या झेरॉक्स काढायच्या आहेत, शिवाय चष्म्याचा स्क्रू...” स्क्रूपर्यंत पोचेस्तोवर मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाची कोलंबी मोजत असायची. बऱ्याच महिन्यांनी मला बरोबर उत्तर सापडलं. ते आहे, “हितंच.” वाशीला जा, नाशिकला जा, नाही तर अमेरिकेला जा, उत्तर एकच. मुलीला सोडायला दोन मोठ्या बॅगा घेऊन विमानतळावर निघालो, तेव्हाही मी “हितंच” म्हणालो आणि मावशीनं समाधानानं मान हलवली.

यावर शास्त्र आहे. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला. १९२३ साली त्यानं लिहिलं, की माणसं बरंचसं बोलतात ते माहिती देण्यासाठी नव्हे, तर नुसता धागा जोडलेला ठेवण्यासाठी. त्याच लेखात त्यानं बेटावरच्या कोळ्यांच्या मासेमारीचं उदाहरण घेतलंय. होडीतल्या ओरडण्याचा अर्थ कोशात सापडत नाही, जाळं ओढताना सापडतो. म्हणजे हा गृहस्थ एवढा लांबचा प्रवास करून जे शिकला, ते शिकायला मला फक्त एक रस्ता ओलांडावा लागला. तरी वेळ मात्र मलाच जास्त लागला.

आमच्या इमारतीतही काही कमी देश नांदत नव्हते. शेजारी तमिळ काका. ते भेटले की विचारत, “साप्टाचा?” म्हणजे जेवण झालं का. मी पहिल्यांदा “नाही” म्हणालो, तर पाच मिनिटांत इडल्या आल्या. दुसऱ्या दिवशी “हो” म्हणालो, तर काय जेवलो याची चौकशी झाली आणि ते पुरेसं नाही, असा निकाल लागून पुन्हा इडल्या आल्या. निघताना ते “पोइट्टु वरेन” म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. आपणही ‘जातो’ म्हणायला कचरतो. दारातून बाहेर पडणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. कावेरीकाठी आणि कृष्णाकाठी दोन्हीकडच्या आज्यांनी ‘जातो’ म्हणणाऱ्या नातवंडांना दारातच थांबवलं असणार. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण निघायला दोघांनाही सारखाच वेळ लागतो.

तळमजल्यावरचे काका वाशीच्या बाजार समितीत गाळा चालवून निवृत्त झालेले. फळबाजारातल्या रुमालाची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकावी. आंब्याचा सौदा ठरताना दोघांचे हात रुमालाखाली जायचे, बोटं दाबली जायची, आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही आपल्याच मालाचा भाव कळायचा नाही. या पद्धतीवर टीका भरपूर झाली, आणि योग्यच झाली. पण काकांचं चाळीस वर्षांचं वळण जाईना. दिवाळीला त्यांनी माझा हात हातात घेऊन तर्जनी अशी काही दाबली, की आपण दोनशे पेट्या घेऊन बसलो की काय, या धास्तीनं मी फराळ नीट खाल्ला नाही.

तिसऱ्या मजल्यावर कप्तानसाहेब. उभी हयात मालवाहू जहाजांवर गेली. पाम बीच रस्त्यालगत टी. एस. चाणक्य ही नौकानयनाची प्रशिक्षण संस्था आहे. तिथली पोरं पांढऱ्या गणवेशात दिसली की साहेबांची छाती दोन इंच फुगते. त्यांनीच मला सांगितलं, की जहाजांवर वायरलेसवर काय आणि कसं बोलायचं, याची ठरावीक वाक्यं आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं ती २००१ साली मंजूर केली. एक जहाज ग्रीक, दुसरं चिनी, कप्तान केरळचा आणि खलाशी फिलिपिन्सचे. तिथं मोघम बोललं तर टक्कर. म्हणून वाक्याआधी त्याची जात सांगायची. प्रश्न, उत्तर, सूचना, सल्ला, इशारा, विनंती, माहिती आणि हेतू, अशा आठ जाती. आकडासुद्धा ‘दीडशे’ म्हणायचा नाही. एक, पाच, शून्य, असा सुटा सुटा.

मला ही पद्धत इतकी आवडली, की मी ती घरात लागू करायचं ठरवलं. बायको नागपूरची. तिकडे ‘का’ला ‘काहून’ म्हणतात आणि माणूस काही करत नाही, करून राहिलेला असतो. मी तिला म्हटलं, “यापुढे बोलताना आधी जात सांगत जा.” ती म्हणाली, “प्रश्न. हा शर्ट घालून जाणार आहात तुम्ही?” मी म्हणालो, “उत्तर. होय.” ती म्हणाली, “म्हणजे तुम्हाला समजूनच नाही राहिलं. ती सूचना होती.” संध्याकाळी मी विचारलं, “काही झालंय का?” ती म्हणाली, “माहिती. मला काही झालेलं नाही.” ती माहिती नसून इशारा आहे, हे ओळखायला कुठल्याही संघटनेच्या ठरावाची गरज नव्हती. समुद्रावर ही पद्धत चालते, कारण तिथं लग्न झालेली जहाजं नसतात.

दुसऱ्यांच्या बोलण्याला हसण्याचा अधिकार मला नव्हता, कारण माझी स्वतःची धंद्याची भाषा, म्हणजे सरकारी मराठी, सगळ्यांत अवघड निघाली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० साली झाली. नवं शहर वसवायला पंचाण्णव गावांच्या जमिनी लागल्या आणि गावांच्या तोंडी एक नवीच मराठी आली. जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड म्हणून परत मिळणारे ‘साडेबारा टक्के’. वाढत्या कुटुंबानं गावठाणाच्या आसपास बांधलेली ‘गरजेपोटीची घरं’. आणि माणसाला एका शब्दात गुंडाळणारं ‘प्रकल्पग्रस्त’. या शब्दांपाठीमागे मोठी लढाई आहे. १९८४च्या जानेवारीत जासईच्या बाजूला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले. त्यामुळे इथल्या अंगठेबहाद्दर आजीलाही टक्केवारी कळते, पण पत्र कळत नाही. अशी पत्रं घेऊन गाव माझ्याकडे यायचं. मराठीतून मराठीत भाषांतर करायला.

एकदा मावशी एक पत्र घेऊन आली. लिहिलं होतं, “आपला अर्ज विचाराधीन असून यथावकाश उचित कार्यवाही करण्यात येईल.”

मी म्हणालो, “मावशी, यांनी नाही म्हटलंय.”

“मग ‘नाय’ कुठं लिवलंय?”

“लिहिलेलं नाही. तसं लिहायचं नसतं.”

“कोनी ठरवलं?”

अशी दोन हजार पत्रं मी स्वतः लिहिली होती. ‘यथावकाश’ हा शब्द तर माझ्या विशेष प्रेमातला. त्यात आश्वासन आहे, पण तारीख नाही. मावशी कागदाची घडी घालत म्हणाली, “आमी भांडताव तरी तोंडावर. तुमी तं पाकिटातून भांडता.” बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं नेमकं मूल्यमापन कुठल्याच गोपनीय अहवालात झालं नव्हतं.

विश्वकोशाचा पहिला खंड निघाला, त्याच १९७६ साली अमेरिकेत एडवर्ड हॉल यांनी एका पुस्तकात संस्कृतींची एक विभागणी मांडली. काही लोक सगळं शब्दांत सांगून मोकळे होतात, जसे जर्मन. काहींचं निम्मं बोलणं न बोललेल्या भागात असतं, जसे जपानी. हॉलसाहेबांचा पूर्ण आदर राखून सांगतो, त्यांनी सारसोळे पाहिलं नव्हतं. इथं सगळं बोललं जातं, तारस्वरात बोललं जातं, आणि तरीही अर्थ त्यात नसतो. तो असतो ‘रं’मध्ये.

मावशी मला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणायची. माझं वय तेव्हा चाळीस, हुद्दा बऱ्यापैकी, आणि वाईत मला न्हावीसुद्धा ‘आपण’ म्हणायचा. सुरुवातीला ते ‘तू’ माशाच्या काट्यासारखं घशात अडकायचं. मग लक्षात आलं, की ती नगरसेवकालाही ‘तू’ म्हणते, पोलिसालाही आणि एकवीरा आईलाही. तिच्याकडे एकच सर्वनाम होतं आणि त्यात आम्ही सगळे मावत होतो. निदान असं मला वाटत होतं.

मग गेल्या पावसाळ्यात मी एक गुन्हा केला. मोबाईलवरून मासे मागवले. साफ केलेले, काटे काढलेले, बर्फातले, वर पुदिन्याची एक काडी. डोक्यावर हेल्मेट घातलेला पोरगा आला आणि पत्ता सापडेना म्हणून त्यानं रस्त्यावर बसलेल्या बाईला विचारलं. ती बाई म्हणजे मावशी. ती उठली, त्याला जिन्यापर्यंत सोडलं, मजलाही सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन गेलो. पाटीत चिंबोऱ्या होत्या, जिवंत, चिखल ओला असलेल्या. मावशीनं वर पाहिलं आणि मृदू आवाजात म्हणाली, “या. काय हवंय तुम्हाला?”

माझ्या अंगावर काटा आला. इतकं शुद्ध, इतकं हळू आणि इतकं सभ्य बोलणं मी वाई सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. भाव विचारला, तर तिनं सांगितला. घासाघीस केली नाही, बापजाद्यांचा उद्धार नाही, “बघतंस काय, घे नाय तं पुरं हो” नाही. वर म्हणाली, “परवडत असेल तर बघा.” मी मुकाट्यानं पैसे दिले. तिनं सुटे परत केले आणि “धन्यवाद” म्हणाली. बारा वर्षांपूर्वी पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मतभेद झाल्यावर सारसोळ्यात हे होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बापा! काय करून बसले तुम्ही?” तमिळ काका म्हणाले, एक दिवस तिच्यासाठी इडल्या घेऊन जाऊ. गाळेवाल्या काकांनी न बोलता माझी करंगळी दाबली. अर्थ लागला नाही, पण भाव पडल्याचं कळलं. कप्तानसाहेबांचा सल्ला सरळ होता, “चूक झाली असं स्पष्ट सांगा. एकदा आणि सुटं सुटं.”

मी तसं केलं. जाऊन म्हणालो, “मावशी, माझं चुकलं. मी दिलगीर आहे.” ती म्हणाली, “अहो, त्यात काय एवढं?” ‘अहो’ ऐकून मी दोन पायऱ्या आणखी खाली घसरलो. तीन आठवडे असे गेले. माझं सौजन्य वाढत होतं, तिचं सौजन्य वाढत होतं, आणि आम्ही दोघं सरकारी पत्रव्यवहार करत असल्यासारखे कोलंबी घेत-देत होतो. मी पाकिटातून माफी मागत होतो आणि ती मला यथावकाश क्षमा करत होती.

शेवटी एका सकाळी, का कुणास ठाऊक, मी रस्त्याच्या या बाजूलाच थांबलो. वाईतल्या साऱ्या पूर्वजांची मनातल्या मनात क्षमा मागितली, छातीत हवा भरली आणि ओरडलो, “ए मावशे! कालच्या चिंबोऱ्या काय सोन्याच्या व्हत्या का? लुटतंस काय आमाला?”

आवाज फाटला. दोन रिक्षा थांबल्या. ओट्यावरच्या आजोबांनी कानाला हात लावला. मावशी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग पाटी खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली.

“सोन्याच्या नाय तं काय तुज्या मोबाईलातल्या व्हत्या? काटा काडलेला मावरा खातंस, आनी मना भाव शिकवतंस व्हय रं? इकरं ये, इकरं!”

त्या ‘रं’वर माझे डोळे भरून आले. मी रस्ता ओलांडून गेलो. तिनं माझा उद्धार केला, मी तिच्या वजनकाट्याचा केला. आजोबांनी न विचारता दोघांनाही मूर्खात काढलं. भाव कालच्यापेक्षा वीस रुपये जास्त लागला.

एवढ्यात समोरच्या इमारतीतून एक तरुण धावत आला. नवा भाडेकरू असावा. शर्टाची बटणं एक काजं चुकलेली. आमच्या मधे उभा राहून त्यानं हात जोडले.

“काका, मावशी, प्लीज. शांतपणे बोलून हा प्रश्न सुटू शकतो.”

गल्लीतली कुत्री झोपली होती. मी त्याला चपलेपासून चुकलेल्या बटणापर्यंत न्याहाळलं.

“तुला काय झालं रं?” मी विचारलं.